दहापैकी चार, मग दहापैकी एक: बिब्ब्याचं मलम आणि गिनिपिगची वंशावळ

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुम्ही कराडला एम.फार्म. करताय. सांध्यांवर लावायच्या औषधी मलमात शुद्ध केलेल्या बिब्ब्याचा अर्क आहे आणि त्याची कातडीला ॲलर्जी येते का, ते तुम्ही गिनिपिगवर पाहिलंत. पहिल्या खेपेला १० पैकी ४ प्राण्यांची कातडी लाल झाली, सुजली. दुसऱ्या खेपेला प्राणी दुसऱ्या ठिकाणाहून आले. मलम तेच, पद्धत तीच, आणि १० पैकी एकालाच रिॲक्शन आली. सर म्हणतात तुमचा हात चुकला, पुन्हा करा. मैत्रीण म्हणते, ज्यांना रिॲक्शन येते तसलेच प्राणी मागव. आणि तुम्ही विचारताय, खरा निकाल कुठला?

मी पशुवैद्य आहे. सांगलीकडच्या एका संस्थेचं ॲनिमल हाऊस गेली बावीस वर्षं सांभाळते. माझं मत आधीच सांगते, तुमचे दोन्ही निकाल खरे असू शकतात. हात चुकला असं म्हणायला तुम्ही दिलेल्या माहितीत तरी काही आधार नाही. खरा प्रश्न मलमाचा कमी आणि प्राण्यांचा जास्त आहे. ते दहा गिनिपिग नक्की कोणाचे कोण होते, हे कळल्याशिवाय चार आणि एक हे आकडे शेजारी ठेवून बघण्यात अर्थ नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि तुम्ही त्या लिहिलेल्या नाहीत. दोन्ही खेपांना कंट्रोलचे प्राणी होते का? म्हणजे ज्यांना सुरुवातीला बिब्बा दिलाच नाही, फक्त शेवटच्या चॅलेंजला, म्हणजे ॲलर्जी आली का हे तपासायला शेवटी लावतात तेव्हा लावला, असे. ते होते आणि त्यांचीही कातडी लाल झाली असेल, तर तुम्ही पाहिली ती ॲलर्जी नाही, नुसता दाह आहे. बिब्ब्याच्या बाबतीत हा फरक जीव की प्राण आहे. आपल्याकडे टाचेत काटा मोडला की सुई तापवून बिब्ब्यात खुपसायची आणि तेलाचा चटका द्यायचा, ही रीत माझ्या आजीनं तासगावकडे कितीदा केलेली मी पाहिलीय. तो चटका ज्याला बसेल त्याची कातडी भाजते, त्याला वंश-बिंश लागत नाही. पण त्याच घरात माझ्या धाकट्या मावशीला बिब्बा ठेवलेल्या डब्याला हात लागला तरी दोन दिवसांनी अंगभर उतायचा, आणि आईला आयुष्यात कधी उतला नाही. दोघी सख्ख्या बहिणी, एकाच चुलीपाशी वाढलेल्या. चटका म्हणजे दाह, आणि मावशीचं उतणं म्हणजे ॲलर्जी. दुसऱ्यासाठी शरीराला आधी एकदा त्या पदार्थाची ओळख व्हावी लागते, आणि ती ओळख कोण लक्षात ठेवतो, हे बऱ्याच अंशी आईबापांकडून आलेलं असतं.

बहिणींतला हा फरक लोकांना कायम ठाऊक होता. तो प्रयोगानं दाखवून दिला मेरिल चेस यांनी, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत, १९४१ साली. त्यांनी गिनिपिगना साध्या रसायनांनी संवेदनशील केलं, म्हणजे त्यांच्या शरीराला त्या रसायनांची पहिली ओळख करून दिली, ज्यांना जोरात रिॲक्शन आली त्यांची आपापसांत वीण घेतली, ज्यांना जेमतेम आली त्यांची वेगळी. काही पिढ्यांत दोन घराणी उभी राहिली. एकातली पिल्लं जवळजवळ सगळी उतायची, दुसऱ्यातली बहुतेक कोरी. पिंजरे तेच, चारा तोच, रसायन तेच. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण तो कुठल्याही मोठ्या यंत्राशिवाय, नुसत्या नीट ठेवलेल्या वहीवर उभा आहे.

हे का होतं ते समजून घ्या, कारण पुढचा निर्णय त्यावर आहे. बिब्ब्याच्या तेलातले रेणू इतके छोटे असतात की शरीराची संरक्षण यंत्रणा त्यांच्याकडे एरवी ढुंकूनही पाहत नाही. ते कातडीतल्या प्रथिनाला चिकटले की त्या प्रथिनाचं रूप बदलतं. कातडीतल्या पहारेकरी पेशी तो बदललेला तुकडा उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात आणि टी-पेशींना, म्हणजे संरक्षण यंत्रणेतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात. दाखवायला त्यांच्याकडे एक तबक असतं, एमएचसी नावाचं. या तबकाचा साचा प्रत्येक प्राण्याला आईबापांकडून मिळतो. एकाच्या साच्यात तो तुकडा बरोबर बसतो, दुसऱ्याच्या साच्यात बसतच नाही. बसला नाही तर टी-पेशींना काही दिसत नाही, आणि ॲलर्जीची गोष्ट तिथेच संपते.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा गिनिपिगच्याच दोन जुन्या जातींनी दिला. अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९०६ साली गिनिपिगची सख्ख्या बहीणभावांत वीण घेत राहण्याचा प्रयोग सुरू केला, पुढे १९१५ पासून तो सिवॉल राइट यांनी सांभाळला. त्यातून आलेली स्ट्रेन २ आणि स्ट्रेन १३ ही दोन घराणी जगभर गेली. १९६० च्या दशकात बारूज बेनासेराफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की पॉलीलायसिन या प्रथिनासारख्या साखळीला डायनायट्रोफिनाइल हा छोटा रेणू जोडून टोचलं, तर स्ट्रेन २ प्रतिसाद देते आणि स्ट्रेन १३ अजिबात देत नाही. दोघांचा संकर केला तर सगळी पिल्लं प्रतिसाद देतात. त्या पिल्लांचा पुन्हा स्ट्रेन १३ शी संकर केला तर साधारण निम्मी देतात, निम्मी नाही. म्हणजे एका प्रभावी जनुकाचा सरळ हिशेब. तो जनुक एमएचसीच्याच वस्तीत निघाला, आणि या कामासाठी बेनासेराफ यांना १९८० चं नोबेल विभागून मिळालं. बेरिलियम या धातूच्या ॲलर्जीतही हीच दोन घराणी वेगळी वागली, स्ट्रेन २ उतते, स्ट्रेन १३ नाही. पुढे १९९३ साली माणसांत दिसलं की बेरिलियमच्या धुळीनं फुप्फुसाचा आजार होणाऱ्या कामगारांपैकी बहुतेकांच्या एचएलए-डीपी या तबकात (माणसाच्या एमएचसीला एचएलए म्हणतात) ६९व्या जागी ग्लुटामिक आम्ल असतं. प्राणी वेगळा, जनुक वेगळा, पण गोष्ट तीच. एचआयव्हीवरच्या ॲबाकॅव्हिर गोळीआधी आज एक रक्ततपासणी करतात, तीही तबकाचा साचा पाहण्यासाठीच.

आता तुमच्या आकड्यांकडे येते. आधी वंश बाजूला ठेवून नुसतं नशीब पाहू. समजा या मलमानं खरोखर शंभरातल्या २५ गिनिपिगना ॲलर्जी येते. अशा कळपातून दहा-दहा प्राणी डोळे मिटून उचलले, तर एक किंवा शून्य प्राणी उतण्याची शक्यता साधारण २४ टक्के आहे आणि चार किंवा जास्त उतण्याची साधारण २२ टक्के. म्हणजे तुमचे दोन्ही निकाल एकाच खऱ्या आकड्यातून अगदी सहज येऊ शकतात. दहा प्राण्यांचा प्रयोग इतका ढिला असतो. म्हणूनच ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या गिनिपिग चाचणीच्या नियमावलीत ॲडजुव्हंट (प्रतिसाद वाढवायला सोबत टोचायचा पदार्थ) वापरताना किमान १० प्राणी आणि ५ कंट्रोल सांगितलेत, पण निकाल स्पष्ट नसेल तर एकूण २० आणि १० पर्यंत जा असाही आग्रह धरलाय. सरांना हे गणित दाखवा. हात चुकल्याचा आरोप त्यानंच निम्मा गळून पडेल.

पण हे गणित एका अटीवर खरं आहे: दहाही प्राणी एकमेकांचे कोणी लागत नाहीत. आणि आपल्या भागातल्या छोट्या ॲनिमल हाऊसमध्ये ही अट जवळजवळ कधीच पाळली जात नाही.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी एका रसायनाच्या चाचणीत आमच्या पहिल्या तुकडीत १० पैकी ८ गिनिपिग उतले. पुढच्या वर्षी तेच रसायन, १० पैकी २. मी आधी रसायन कातडीवर लावायच्या पॅचवर संशय घेतला, मग रसायनाच्या बाटलीवर, मग आमच्या सहायकावर. त्या माणसाला मी नाहक बोलले, याची मला अजून खंत आहे. शेवटी वीणीची वही काढून बसले. आदल्या पावसाळ्यात छातीच्या संसर्गानं आमची कॉलनी, म्हणजे वीणीचा कळप, अर्धी झाली होती आणि त्या हिवाळ्यात नर दोनच उरले होते. पहिल्या तुकडीतले दहाही प्राणी एकाच नराचे, आणि तेही तीन वेतांचे होते. मी दहा प्राणी समजत होते. हिशेबात ते फार तर तीन-चार धरायला हवे होते.

आटपाडीकडच्या खिल्लारवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पंचक्रोशीत एकच वळू फिरला तर चार वर्षांत सगळी वासरं एका तोंडवळ्याची दिसतात, हे त्याला माहीत असतं. कागदावरचा हिशेब असा: दरेक पिढीला वाढणारं अंतर्जनन (नात्यातल्या नात्यात वीण) म्हणजे एक भागिले (आठ गुणिले नरांची संख्या), अधिक एक भागिले (आठ गुणिले माद्यांची संख्या). नर २ आणि माद्या १० असतील तर पिढीला ७.५ टक्के. पाच पिढ्यांत हे साधारण ३२ टक्क्यांवर जातं. त्याच जागेत १० नर आणि १० माद्या ठेवल्या, तर पाच पिढ्यांत साधारण १२ टक्के. गिनिपिगची मादी सव्वादोन महिने गाभण राहते आणि वेताला दोन-चारच पिल्लं देते, म्हणून नर जास्त पाळणं लोकांना परवडत नाही, हे मला मान्य आहे. पण मग खोक्यावर ‘हार्टले, आउटब्रेड’ (हार्टले जातीचे, नात्याबाहेर वीण घेतलेले) असं छापलं म्हणून ते प्राणी आउटब्रेड होत नाहीत. तुमच्या दोन पुरवठादारांकडे नावानं एकच जात असेल, आणि आतून ती चेस यांच्या दोन घराण्यांइतकी नाही, तरी बरीच वेगळी असेल.

रंगाचंही विचारून ठेवते. दुसऱ्या खेपेचे प्राणी पांढरे होते की काळे-तपकिरी ठिगळांचे? लालसरपणा मोजायची आपली सगळी पट्टी पांढऱ्या कातडीसाठी आहे. काळ्या ठिगळावर हलकी लाली दिसतच नाही. तिथे प्राणी उतलेला असतो आणि आपण शून्य लिहितो. हा फरकही वंशातलाच आहे, पण तो आपल्या नजरेला फसवणारा आहे. मी म्हणूनच अशा प्राण्यांच्या कातडीची घडी कॅलिपरनं मोजते आणि दोन्ही आकडे लिहिते.

तुम्ही शेवटी विचारलंय, मग गिनिपिग सोडून आमच्याकडच्या स्विस अल्बिनो उंदरांवरच करू का. उंदरांचा मार्ग चांगला आहे, पण तिथे वंशाचा प्रश्न संपत नाही, उलट जास्त उघडा होतो. लसिकाग्रंथीची जी मान्य चाचणी आहे, ती सीबीए जातीच्या मादी उंदरांवर बसवलेली आहे. कानाच्या मागच्या बाजूला तीन दिवस २५ मायक्रोलीटर लावायचं, सहाव्या दिवशी ग्रंथीतल्या पेशी किती वाढल्या ते मोजायचं, आणि कंट्रोलच्या तिप्पट झाल्या तर पदार्थ संवेदनशील करणारा मानायचा. हा तिपटीचा आकडा सीबीए उंदरांच्या अनुभवावर ठरलाय. स्विस अल्बिनो घेऊन तीच तिप्पट लावणं म्हणजे एकाच्या मापाचा सदरा दुसऱ्याला घालणं. दुसरी जात घ्यायची असेल तर ती सीबीएसारखीच वागते, हे आधी दाखवावं लागतं.

शिवाय तबकाचा साचा हा फरकाचा एकच दरवाजा झाला. निकेलचं उदाहरण घ्या. नकली दागिन्यांनी कान सुजलेल्या मुली तुम्ही साताऱ्यापासून मिरजेपर्यंत कुठेही पाहिल्या असतील, पण साध्या उंदराला निकेलची ॲलर्जी आणणं कठीण जातं. कारण २०१० साली कळलं. निकेल माणसाच्या टीएलआर-४ नावाच्या धोक्याच्या घंटेला हिस्टिडीन या अमिनो आम्लाच्या ज्या दोन जागांपाशी पकडतं, ती हिस्टिडीन उंदराच्या घंटेत नाहीतच. माणसाची घंटा उंदरात बसवल्यावर त्याला निकेलची ॲलर्जी आली. म्हणजे इथे उंदराच्या सगळ्या जाती मिळून चुकीचं उत्तर देतात. तिसरा दरवाजा कातडीच्या भिंतीचा. फिलॅग्रिन नावाचं प्रथिन कमी असलं की भिंत गळकी होते आणि पदार्थ आत शिरतो. माणसांत एक्झिमाशी त्याचा संबंध २००६ साली दिसला, आणि उंदरांत ‘फ्लेकी टेल’ जातीत तोच दोष सापडला. चौथा, प्रतिसादाचा कल: बाल्ब-सी उंदीर आयजीई (ॲलर्जीचं प्रतिपिंड) आणि इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) यांच्या बाजूला झुकतो, सी-५७ ब्लॅक-६ दुसऱ्या बाजूला. त्यामुळे खाजेचं औषध तपासणारे लोक एक जात घेतात आणि दाहाचं तपासणारे दुसरी, आणि दोघांचे निबंध वाचणारा गोंधळतो.

आणि वंशच सगळं ठरवतो असंही मला म्हणायचं नाही. जपानमधली एनसी/एनजीए ही उंदरांची जात पाहा. साध्या, मोकळ्या ॲनिमल हाऊसमध्ये तिला आपोआप माणसाच्या एक्झिमासारखी कातडी होते, हे १९९७ साली नोंदलं गेलं. तेच उंदीर जंतूंपासून जपलेल्या खोलीत ठेवले की त्यांची कातडी स्वच्छ राहते. जनुकं तीच, हवा बदलली. म्हणून दुसऱ्या पुरवठादाराच्या प्राण्यांना माइट (कातडीवरचे सूक्ष्म किडे) होते का, प्रवासातून आल्यावर त्यांना किती दिवस विश्रांती दिली, चाऱ्यात काय बदललं, हेही लिहून काढा. चाऱ्याचं सहज म्हणत नाही. चेस यांनीच १९४६ साली दाखवलं की गिनिपिगला एखादं रसायन आधी खाऊ घातलं, तर नंतर कातडीवर त्याची ॲलर्जी आणणं अवघड होतं. आपल्याकडे बाळंतिणीच्या लाडवात बिब्ब्याची गोडंबी घालतात, त्यानं असं काही होतं असा माझा दावा नाही, पण तो विचार माझ्या मनातून जात नाही.

मैत्रिणीचा सल्ला आता घेऊ, संवेदनशील प्राणीच निवडावेत का? हे तुमच्या प्रश्नावर अवलंबून आहे. ॲलर्जी शमवणाऱ्या औषधाचा परिणाम पाहायचा असता, तर आधी नक्की उतणारा प्राणी लागला असता आणि अंतःप्रजनित, एकसारखी जात घेणंच योग्य ठरलं असतं. तुम्हाला मात्र मलम सुरक्षित आहे का हे पाहायचंय. हे मलम उद्या कोणाच्या गुडघ्याला लागणार? माझ्या आईच्या आणि मावशीच्याही. तिथे निवडलेले प्राणी घेतले तर आकडा फुगतो, आणि ‘न उतणारं’ घराणं नकळत हाती आलं तर मलम निर्धोक ठरून मावशीचा घात होतो. पहिल्यापेक्षा दुसरं मला जास्त भिववतं. काँग्रेस गवतानं मान आणि हात काळेठिक्कर पडलेले शेतकरी आपल्या भागात गावोगाव आहेत, आणि त्यांच्या बांधाला बांध लावून, तेच गवत उपटणाऱ्या शेजाऱ्याला काही होत नाही. सुरक्षिततेची चाचणी त्या उतणाऱ्या माणसासाठीच असते. निकाल पाहून नंतर प्राणी गाळणं तर कुठल्याच हेतूनं चालत नाही.

हे झालं कारणांचं. आता तुम्ही काय करावं ते सांगते. लगेच तिसरी तुकडी मागवू नका. हातात आहे त्यातून आधी सगळं काढा. दोन्ही पुरवठादारांना फोन करून त्या काळात वीणीला नर किती होते आणि तुमचे प्राणी किती वेतांचे होते ते विचारा. तुमच्या नोंदीत प्रत्येक प्राण्यापुढे वेत लिहा. उतलेले चारही एका वेताचे निघाले, तर तुमच्या शोधनिबंधाला मलमापेक्षा मोठा विषय मिळालाय असं समजा. पॉझिटिव्ह कंट्रोलची, म्हणजे ॲलर्जी आणणारं म्हणून माहीत असलेलं रसायन लावून पाहिल्याची, नोंद शोधा. दर सहा महिन्यांनी हेक्सिल सिनॅमिक अल्डिहाइड, बेंझोकेन किंवा मर्कॅप्टोबेन्झोथायाझोल वापरून कॉलनी मुळात उतते का, ते पाहावं असं नियमावली सांगते. ॲडजुव्हंटच्या पद्धतीत हलक्या-मध्यम पदार्थाला किमान ३० टक्के प्राण्यांनी प्रतिसाद द्यायला हवा. दुसऱ्या पुरवठादाराची कॉलनी इथेच नापास होत असेल, तर तुमचा ‘दहापैकी एक’ मलमाबद्दल काहीच सांगत नाही. दोन्ही खेपा मिळवून ‘वीसपैकी पाच’ असंही लिहू नका, दोन उगमांचे आकडे वेगळे दाखवा.

तरीही नवीन प्राणी लागणारच असतील, तर प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या संस्थेच्या कमिटीकडे नवा अर्ज करा आणि त्यात वेगवेगळ्या वेतांतून, वेताला एक किंवा दोन असे प्राणी घेणार असल्याचं कारणासकट लिहा. आमच्या संस्थेच्या अशा कमिटीवर मी बसते, असा अर्ज आम्हाला वाचायला आवडतो, कारण तो प्राण्यांचा जीव वाया जाऊ देत नाही. मलम सौंदर्यप्रसाधन म्हणून विकायचा विचार कोणाच्या मनात असेल, तर मात्र थांबा. प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी आपल्या देशात २०१४ पासून बंद आहे. पेप्टाइडशी, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्याशी, रसायन किती जोडलं जातं ते पाहणारी किंवा पेशींवरची चाचणी आधी करून घ्या, म्हणजे प्राणी कमी लागतील. फक्त एवढं ध्यानात ठेवा की पेशींच्या त्या चाचण्यांतली टीएचपी-१ सारखी पेशीरेषा (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी) एकाच माणसाच्या शरीरातून आलेली आहे. पदार्थ संवेदनशील करू शकतो का, हे ती सांगेल. कोणाला उतेल आणि कोणाला नाही, हे तिच्याकडून कळणार नाही.

पुरवठादारांनी नरांचा आणि वेतांचा आकडा दिला की तो, प्राण्यांचे रंग आणि कंट्रोलच्या नोंदी मला इथेच कळवा. अंतर्जननाचं आणि वेतांचं गणित मी मांडून देते, ते सरांपुढे ठेवा.